पाऊण भाकरीचा हिशेब

(अनसिंग, जि. वाशीम येथे शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

वाशीम-पुसद रस्त्यावरील या गावात आपण मला अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक म्हणून बोलावले आहे. तेव्हा मी सोयाबीनच्या भावावर, पीककर्जावर, फार तर राज्याच्या अंदाजपत्रकावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. त्या विषयांवर आपण नेहमी बोलतो आणि बोललेही पाहिजे. आज मात्र मी पाचवीच्या गणिताच्या पुस्तकातील एका प्रकरणावर बोलणार आहे. त्या प्रकरणाचे नाव आहे अपूर्णांक. हा विषय आपल्या चळवळीच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा. आपले सारे राजकारण वाट्याचे राजकारण आहे. ज्याला वाटा मोजता येत नाही त्याला तो मागता येत नाही, आणि मिळाला तरी पुरा मिळाला की नाही हे कळत नाही.

प्रथम एक जुनी आठवण सांगतो. तिच्यात माझ्या घराचा दोष आहे, म्हणून ती सांगणे माझे कर्तव्यच आहे. १९६८ च्या सुमारास मी चौथीत होतो. माझे आजोबा गावातील मध्यम शेतकरी. पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांच्या घरातील धान्य संपे त्यांना ते वाढीदिढीने ज्वारी देत. आता तरुण मंडळींना हा शब्द ठाऊक नसेल. पेरणीच्या वेळी एक मण न्यायची आणि सुगीला दीड मण परत करायची, असा तो व्यवहार. एका शेतमजुराने आमच्याकडून दोन मण ज्वारी नेली होती. पहिल्या वर्षी त्याला परत करता आली नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या सुगीला तो मोठ्या समाधानाने पाच मण ज्वारी घेऊन आमच्या ओट्याशी आला. त्याचा हिशेब असा : दोनाचे तीन होताना एक मण वाढला, म्हणजे दरसाल एक मण वाढतो; तीन वर्षांचे तीन मण, एकूण पाच. आजोबांनी मला हाक मारली आणि वही पुढे ठेवली. मला दिडकी तोंडपाठ होती. दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार, साडेचाराची दीडपट पावणेसात. मी ठसठशीत अक्षरात पावणेसात मण लिहिले आणि आजोबांनी माझी पाठ थोपटली. तो माणूस बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत उभा राहिला. मग, "बापू, पुन्हा एकडाव मांडून पाहा ना," एवढेच म्हणाला. मी पुन्हा मांडले. उत्तर तेच आले, कारण हिशेब बरोबर होता.

त्या माणसाचा मुलगा माझ्याच वर्गात होता. अपूर्णांकांची बेरीज आली नाही म्हणून त्याच महिन्यात त्याने छड्या खाल्ल्या होत्या. चौथीनंतर तो शाळेत आला नाही. हिशेब बरोबर होता, पण व्यवहार अन्यायाचा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याहूनही उशिरा एक गोष्ट कळली : दीडपटीची दीडपट सव्वादोनपट कशी होते, हे त्या दिवशी मलाही समजले नव्हते. मला फक्त पाठ होते. ज्याला पाठ होते तो सावकाराच्या बाजूला बसला आणि ज्याला पाठ नव्हते तो ओट्याखाली उभा राहिला. समजले दोघांनाही नव्हते.

पुढे पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात शिकवले. पदवीच्या वर्गातील मुलेमुली टक्केवारीशी अडखळत, निर्देशांकापाशी थांबत, आणि मी इतर सहकाऱ्यांप्रमाणे म्हणत असे की, मुलांचा पायाच कच्चा आहे. हे वाक्य उच्चारले की प्राध्यापकाची जबाबदारी संपते. हा पाया नेमका कोठे कच्चा राहतो, हे शोधण्याची बुद्धी मला निवृत्तीनंतर झाली. आणि शोधू लागल्यावर आढळले की, या प्रश्नावर जगभर आणि आपल्या महाराष्ट्रातही गेली चाळीस-पन्नास वर्षे चिकाटीने संशोधन चालले आहे. ते बहुतांशी आपल्या शाळांच्या दारापर्यंत आलेले नाही, एवढेच.

या संशोधनाचा पहिला निष्कर्ष असा की, हे दुखणे केवळ आपल्या खेड्यातील मुलांचे नाही. १९७८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले गेले की, १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज सुमारे किती होईल? समोर पर्याय दिले होते : १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, तेव्हा उत्तर सुमारे दोन हे उघड आहे. पण शंभरातील केवळ चोवीस मुलांनी दोन हे उत्तर निवडले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे त्यांनी अंशांची बेरीज केली किंवा छेदांची. जगातील सर्वांत संपन्न देशाची ही स्थिती. मुलांना १२/१३ ही एक संख्या दिसतच नव्हती. त्यांना एका आडव्या रेघेने वेगळ्या केलेल्या दोन संख्या दिसत होत्या.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांतील मुलांची दीर्घ काळाची माहिती तपासून दाखवले की, दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती समजले आहेत, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या त्याच्या गणितातील प्रगतीचा अंदाज बांधता येतो. घरचे उत्पन्न, आईबापांचे शिक्षण, मुलाची बुद्धिमत्ता या गोष्टी हिशेबात धरल्या तरीही हा संबंध टिकतो. याचा आपल्या भाषेत अर्थ असा की, दहावीत गणितात नापास होणारे मूल पुष्कळदा पाचवीतच मागे राहिलेले असते. पाच वर्षे ते वर्गात बसते आणि आपण त्याला उपस्थित म्हणून मोजतो.

आता मुले चुकतात म्हणजे काय करतात, ते पाहू. निवृत्तीनंतर मी या भागातील एका जिल्हा परिषद शाळेत, तेथील गुरुजींच्या संमतीने, पाचवीच्या वर्गात काही आठवडे जात होतो. पहिल्याच दिवशी फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून विचारले, मोठा कोणता? बहुतेक हात १/४ साठी वर आले, कारण चार हे तीनाहून मोठे. मी फळा पुसला आणि विचारले, एक भाकरी तिघांत वाटली तर वाटा मोठा मिळेल की चौघांत वाटली तर? मुले हसली. एवढे सोपे विचारायचे असते काय, असा त्या हसण्याचा अर्थ होता. सर्वांनी एका आवाजात उत्तर दिले, तिघांत. मग मी भाकरीच्या चित्राखाली पुन्हा १/३ आणि १/४ लिहिले. वर्ग क्षणभर शांत झाला, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, हे तेच हाये काय?"

मित्रहो, माझ्या सबंध भाषणाचे सार त्या मुलीच्या प्रश्नात आहे. जे तिला घरी ठाऊक होते आणि जे तिला शाळेत येत नव्हते, ते एकच आहे, हे तिला पाच वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

हा केवळ माझा अनुभव नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात नारळ, लिंबे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास कॅराहर आणि श्लीमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. विक्री करताना ही मुले शंभरातील अठ्ठ्याण्णव हिशेब बरोबर करीत. तीच उदाहरणे कागदावर आकड्यांत मांडून दिली की बरोबर उत्तरे सदतीसच्या आसपास उतरत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांच्या बाबतीतही असेच आढळले. शिवाय शाळेत गणित करणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब जमत नाही, अशी उलटी बाजूही त्यात दिसली. बाजाराचे गणित आणि शाळेचे गणित या दोन काठांच्या मधून नदी वाहते आहे, आणि पूल बांधणे हे शाळेचे काम असताना शाळा एका काठावर उभी राहून मुलांना पोहून यायला सांगते.

आपल्या मराठी मुलांच्या काठावर तर मोठी संपत्ती पडलेली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द आपण अपूर्णांक म्हणून उच्चारीतही नाही, इतके ते आपल्या बोलण्यात मुरलेले आहेत. पावणेदोन या एका शब्दात 'दोनाला पाव कमी' ही वजाबाकी दडलेली आहे. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा हे शब्द हरघडी तोंडात येत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यानंतर मेट्रिक वजने आली आणि या शब्दांचा व्यवहारातील आधार थोडा कमी झाला. ते सुधारणेचे पाऊल योग्यच होते. पण किराणा दुकानात पावकिलो चहापत्ती आजही मागितली जाते, आणि मजुराला अर्ध्या दिवसाची मजुरी आजही मिळते.

येथे जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेणारी जुनी शाळा कोणासाठी होती? पेढीवर बसणाऱ्या आणि दप्तर सांभाळणाऱ्या जातींच्या मुलग्यांसाठी. मुलींना आणि बहुजनांना तिचे दार बंद होते. हिशेबाची ही विद्या मूठभरांच्या हाती राहिल्याने काय होते, हे महात्मा फुले यांनी ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर जमाखर्चाचा आणि शेतीच्या ज्ञानाचा आग्रह धरला, तो यासाठीच. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही अपूर्णांकाचे एक मार्मिक उदाहरण आहे. एक कृपण मनुष्य याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोनतृतीयांशाचा पाऊण भाग, त्याचा पाचवा, त्याचा सोळावा आणि त्याचा चौथा भाग देतो. मांडत गेले की उत्तर येते द्रम्माचा १/१२८० भाग, म्हणजे अवघी एक कवडी! शब्दांचा डोंगर आणि दानाची कवडी, हा अनुभव शासकीय घोषणांच्या निमित्ताने आपल्यालाही येतोच.

आणखी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. आपल्या बोलीतील अपूर्णांक अर्ध्याच्या अर्ध्याने बनलेले आहेत. तिसरा, पाचवा, सातवा भाग यांना तेथे स्वतःचे सुटसुटीत नाव नाही. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनी धारावीत राहणाऱ्या मुलांच्या शाळाबाहेरील गणिताचा अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसले : अर्धा, पाव ही घराणी मुलांच्या परिचयाची, त्यापलीकडचे अपूर्णांक अनोळखी. तेव्हा मुलाच्या काठावरून निघायचे हे खरे, पण तेथेच थांबायचे नाही. थांबल्यास आपण गरिबाच्या मुलाला बाजारापुरते गणित देऊ आणि पुढचे गणित दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवू. तोही अन्यायच होईल.

मग मार्ग कोणता? १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले होते. पुढे के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक यांनी तेथे अपूर्णांकांच्या अध्यापनावर विशेष संशोधन केले. त्यांचा विचार साध्या शब्दांत सांगतो. आपण अपूर्णांक शिकवताना एक वर्तुळ काढतो, त्याचे चार भाग करतो, तीन रंगवतो आणि ३/४ लिहितो. मूल ते रंगीत तुकडे मोजते : इकडे तीन, एकूण चार. म्हणजे पुन्हा दोन सुट्या संख्या! याऐवजी दोन वाटांनी जावे. पहिली वाट वाटणीची आणि दुसरी मापाची. या दोहोंची सांगड घातली की मुलाला अपूर्णांक ही एक संख्या म्हणून भेटते.

वाटणीची वाट अशी. तीन भाकरी चार मुलांत सारख्या वाटायच्या. मुले काय करतात? दोन भाकरी अर्ध्या-अर्ध्या करून चौघांना देतात आणि तिसरीचे चार तुकडे करतात. प्रत्येकाला अर्धी आणि पाव, म्हणजे पाऊण. आता ३/४ या चिन्हाला अर्थ आला : वर भाकरी, खाली वाटेकरी, आणि सारे मिळून एकाचा वाटा. मग विचारावे, दोन भाकरी तिघांत वाटल्या तर वाटा मोठा की तीन भाकरी चौघांत? समच्छेद न करता पाचवीतील एका मुलाने मला सांगितले की, पहिल्या गटात प्रत्येकाला पुरी भाकरी मिळायला तिसरा भाग कमी पडतो, दुसऱ्यात चौथाच भाग कमी पडतो, म्हणून दुसऱ्यांना जास्त मिळते. या मुलाला गणित येत नाही, असे त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलेले होते.

मापाची वाट अशी. सुतळीचा एक तुकडा घ्यावा आणि त्याने बाक मोजावा. दोन सुतळ्या होतात आणि थोडे उरते. ते थोडे किती? सुतळीला घड्या घालून लहान माप तयार करावे लागते, आणि घडीच्या मापाने उरलेला भाग मोजावा लागतो. मग जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढून तिच्यावर शून्य, एक, दोन मांडावेत आणि पाव, पाऊण, सव्वा, दीड यांच्या जागा शोधाव्यात. ज्या मुलाने १२/१३ ची जागा एकाच्या अगदी शेजारी स्वतः दाखवली आहे, ते मूल त्यांची बेरीज एकोणीस आहे असे कधी म्हणणार नाही.

हे सारे सोपे आहे, असा समज मी करून देणार नाही. ज्या वर्गात भाकरीने चमत्कार केला, त्याच वर्गात दुसऱ्या आठवड्यात मी विचारले, २/७ मोठा की ३/११? भाकऱ्या कुचकामी ठरल्या. दोन भाकरी सात जणांत आणि तीन अकरा जणांत, हे डोळ्यांपुढे आणणे मलाही कठीण होते. रेघेवरही हे दोन बिंदू इतके जवळ येतात की नजर फसते. तेव्हा समच्छेदाची गरज लागली : २२/७७ आणि २१/७७. पण आता ती मुलांनाच लागली. पूर्वी जी रीत आम्ही कारण न सांगता लादत होतो, ती आता हवीशी झाली. संशोधनाचा हा तिसरा धडा आहे. रीत टाकून द्यायची नाही. तिची भूक लागल्यावर ती वाढायची.

चुकांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १/२ आणि १/३ यांची बेरीज मुले २/५ लिहितात. गुरुजी लाल फुली मारतात. फुलीने मुलाला एवढेच कळते की आपण चुकलो. त्याऐवजी विचारावे, अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला आणि सगळी मिळून अर्ध्याहूनही कमी झाली, असे होईल काय? कारण २/५ हे अर्ध्याहून कमी आहे. मूल स्वतःच आपले उत्तर खोडते. आणि गंमत अशी की, मुलाची रीत सर्वत्र खोटीही नाही. पेरणीपूर्वी आपण गोणपाटावर बियाण्याची उगवण तपासतो. एका ओळीत दोन दाण्यांपैकी एक उगवला, दुसऱ्या ओळीत तीनांपैकी एक. दोन्ही मिळून पाचांपैकी दोन उगवले, हे अगदी बरोबर आहे. मुलाने तेथील नियम येथे लावला. वाटा आणि वाटा मिळवणे वेगळे, गट आणि गट एकत्र करणे वेगळे, हा भेद समजावणे म्हणजे शिकवणे. त्यासाठी शिक्षकाला मुलाच्या चुकीचे कारण ठाऊक असावे लागते, आणि ते कारण संशोधन पुरवते.

येथे काही शिक्षक मित्र बसले आहेत. त्यांच्या मनात आले असेल की, हा प्राध्यापक आमच्यावरच खापर फोडणार. तसे नाही. लिपिंग मा या विदुषीने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेतील तेवीस आणि चीनमधील बहात्तर प्राथमिक शिक्षकांना एक उदाहरण घातले होते : पावणेदोन भागिले अर्धा. चीनमधील सर्वांनी ते बरोबर सोडवले. अमेरिकेतील निम्म्यांनाही नीट जमले नाही. या भागाकारावर योग्य गोष्टरूप उदाहरण तयार करा म्हटल्यावर अमेरिकेतील केवळ एका शिक्षकाला ते साधले. आपल्याकडे किराणा दुकानदाराचा मुलगा ते सहज करील : पावणेदोन लिटर तेलातून अर्ध्या लिटरच्या बाटल्या किती भरतील? साडेतीन. भाजक उलटा करून गुणा, या मंत्राचा अर्थ त्या बाटलीत आहे. पण त्या ग्रंथातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चीनमधील त्या शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. त्यांचे ज्ञान नोकरीत असताना वाढले, कारण पाठ्यपुस्तकाचा एकत्र बसून अभ्यास करण्याची आणि एकमेकांच्या वर्गावर चर्चा करण्याची सवड आणि प्रथा त्यांच्या शाळांत होती.

आमच्या शिक्षकाला सवड आहे काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. त्या अपवादांच्या दारातून किती कामे आत शिरतात, हे येथील शिक्षकच सांगू शकतील. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. त्यांतील किती वेळ परिपत्रके वाचण्यात जातो आणि किती वेळ मुलांच्या वह्या उघडून पाहण्यात? २०२१ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य तिसरीपर्यंतचे अंकज्ञान हे आहे. ते आवश्यकच आहे. पण अपूर्णांकांचा खरा घाट त्यानंतर, चौथी-पाचवीत सुरू होतो, आणि तेथे मूल आणि शिक्षक दोघेही एकटे असतात.

संशोधन म्हणजे वरून खाली पाठवायचे परिपत्रक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ही संख्या 'वीस एक' अशीही वाचावी, असा बदल आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर आपली भूमिका शांतपणे मांडत होत्या आणि समाज विनोद सांगण्यात दंग होता. तो बदल योग्य होता की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण मुले कोठे अडतात, कोणत्या रीतीने कमी अडतील, आणि हे कोणी वर्गात तपासून पाहिले आहे काय, हा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारला. भाषेच्या अभिमानाची चर्चा आम्ही दिवसभर करतो. मुलाच्या वहीकडे पाहायला आम्हाला वेळ नसतो.

कोणी म्हणेल, हिशेब आता मोबाईल करतो, मग एवढा आटापिटा कशाला? मोबाईल भागाकार करतो; काय भागायचे ते सांगत नाही. गावोगावी महिला गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत. कोणी दहा हजार रुपयांवर वर्षाला बारा टक्के सरळ व्याज सांगून बारा सारखे हप्ते बांधून देतो. ऐकायला दर माफक वाटतो. पण मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर वर्षभर घेतले जाते. वर्षभरात कर्जदाराच्या हाती सरासरी निम्म्याहून थोडेच अधिक मुद्दल असते. म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. माझ्या आजोबांच्या वहीतील पावणेसात मण आता छापील कागदावर आणि इंग्रजीत येतात, एवढाच फरक.

कायद्याचा लाभ घेण्यासाठीही हीच विद्या लागते. जुन्या मुंबई राज्यातील १९४८ च्या कुळकायद्याने खंडाची मर्यादा कोरडवाहू जमिनीला पिकाचा तिसरा हिस्सा आणि ओलिताच्या जमिनीला चौथा हिस्सा अशी ठेवली होती. आता कल्पना करा : ज्या कुळाला चौथा हिस्सा तिसऱ्याहून मोठा वाटतो, त्याला या कायद्याने आपल्या बाजूने काय केले, हे कसे कळावे? २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला. तलाठ्याच्या कार्यालयात हिश्श्यांचे आकडे वाचताना किती बहिणींना आपला वाटा स्वतः ताडून पाहता येतो?

म्हणून माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. समिती सोळा जणांची असेल तर किमान बारा पालक आणि आठ स्त्रिया. हा अपूर्णांक आपल्या हक्काचा आहे. तो सहीपुरता उरला असेल तर खरा करा. समितीच्या बैठकीत खिचडी आणि रंगरंगोटी यांबरोबर एकदा पाचवीच्या पाच वह्या मागवा. १/३ आणि १/४ यांतील मोठा कोणता, हे मुलांना तुम्हीच विचारा, आणि उत्तर चुकले तर मुलाला वा गुरुजींना दोष न देता भाकरी मागवा. शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर, महिन्यातून एक अर्धा दिवस केवळ मुलांच्या चुकांचा एकत्र अभ्यास करण्यासाठी मिळावा, ही मागणी करावी. ती मागणी आपली आहे असे समजून पालकांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. परदेशातील वा मुंबईतील निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारू नका. येथील वर्गात पारखून घ्या आणि जे चालले नाही तेही लिहून ठेवा. पारखणे हाच संशोधनाचा आत्मा आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

त्या शेतमजुराने मला पुन्हा एकदा मांडून पाहायला सांगितले होते. मी मांडले आणि तेच उत्तर दिले. आज वाटते, त्याला नवे उत्तर नको होते. पाचाचे पावणेसात कसे झाले, एवढेच त्याला समजून घ्यायचे होते. समजले असते तर त्याने कदाचित पुढचा प्रश्न विचारला असता : वाढीदिढी कोणी ठरवली? समजणारा माणूस तेथवर पोहोचतो, म्हणून सर्वांना समजले पाहिजे. त्याच्या ओट्याखाली उभे राहिलेल्या पिढीचे देणे आपल्यावर आहे. ते त्याच्या नातवंडांच्या वर्गात फेडता येईल, आणि ते पाऊण फेडून भागणार नाही.